सहावा परिच्छेद

जिवलीने भावांवर दावा लावला त्याला महिना होत आला होता, आणि तरी नव्याच्या भाताला ती येणार की नाही, हे उधवा गावच्या घरात कुणी कुणाला विचारलं नव्हतं. विचारायची सोयच नव्हती. तिच्या बाने, काकड्याने, घालून दिलेला रिवाज असा, की खळ्यावरचं पहिलं भात घरच्या लेकीने सुपात पाखडायचं, ते कणसरीपुढे, धान्याच्या देवीपुढे, ठेवायचं आणि मगच कांडून चुलीवर चढवायचं. लेक आली नाही तर घराने जुनाच तांदूळ खात बसायचं. काकड्या जाऊन दोन वर्षं झाली होती, पण रिवाज काही त्याच्याबरोबर गेला नव्हता.

थोरला भाऊ नविन सकाळी साडेनवाला पोचला. डहाणू रोडहून स्कूटरवर, तलासरीला चहापुरता थांबून. डिकीत श्यामकांत वकिलांनी दिलेली फाइल होती आणि डोक्यात बायकोचं, निर्मलाचं, वाक्य. निघताना हेल्मेट हातात देत ती म्हणाली होती, "सही करायच्या आधी आईंना वाचून दाखवा. सगळं. मधलं गाळू नका." निर्मला शाळेत शिकवत होती, आणि तेहतीस वर्षं या माणसाबरोबर राहिली होती. तो कुठे गाळणार हे तिला बरोबर ठाऊक होतं.

गाळण्यासारखं आपण काही लिहिलेलंच नाही, असं नविन तलासरीपर्यंत स्वतःला समजावत आला होता. तलासरीनंतर त्याने तो नाद सोडला.

अंगणाच्या खालच्या अंगाला खळं होतं. शेणाने सारवलेलं, मधोमध भाताची रास, कडेला पेंढ्याचे भारे. त्याची आई रखमी खळ्याच्या काठावर पाय पसरून बसली होती. वय ऐंशीच्या पुढे, कान शाबूत, डोळ्यांपुढे थोडा धूर. दिपक भारे रचत होता. त्याने थोरल्या भावाला पाहिलं आणि हातातला भारा तसाच टाकला.

"आणलास कागद?"

"आणलाय. उद्या शेवटचा दिवस. तीस दिवसांच्या आत कैफियत द्यावी लागते. पुढे मुदत वाढवून मिळते, पण ते मागत बसणं चांगलं दिसत नाही."

"आन् केस डहाणूला येल ना?"

"त्याचीच तर हरकत घेतलीय." नविनने खाटेवर बसून फाइल मांडीवर घेतली. अशा वेळी त्याचा आवाज आपोआप बदलायचा. एकोणतीस वर्षं कोर्टात लिपिक म्हणून काढलेली. पुकारे केले, साक्षीदारांना शपथा दिल्या, हजारो कैफियती दाखल करून घेतल्या. गावात त्याला कोर्टवाले म्हणत, आणि निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी त्याला ते आवडे. "नीट ऐक. जमिनीचा दावा जमीन जिथे असेल तिथल्या कोर्टात. आपली शेती उधव्याला, म्हणजे डहाणू. पण ओहोळापलीकडचा माळ पडला राज्याच्या हद्दीच्या पलीकडे. जमीन दोन कोर्टांच्या हद्दींत असली तर दोन्हीपैकी कुठेही दावा लावता येतो. जिवलीच्या वकिलाने तेच धरलं. तो एक माळ दाखवला आणि आपली सगळी जमीन पलीकडच्या कोर्टात ओढून नेली."

"मग आता?"

"माळ सामाईक नाही असं दाखवलं, की पलीकडे सामाईक काही उरतच नाही. मग दावा तिथे चालू शकत नाही. तिला तो परत घेऊन इकडे लावावा लागेल. आणि ही हरकत पहिल्याच कैफियतीत घ्यावी लागते. नंतर आठवली म्हणून घेता येत नाही."

पुष्पा ओट्यावर उखळ धूत होती. दिपकची बायको, बोलायला कधी मागे नाही. "मोठे भावजी, अंतर म्हणाल तर दोन्हीकडं उन्नीस-बीस. तुमाला तुमचंच कोर्ट पाहजे, असं सांगा ना सरळ."

नविनने हसण्यावारी नेलं. पण ती खोटं बोलत नव्हती. पलीकडच्या कोर्टात तो कुणीही नव्हता. तिथे नाव पुकारल्यावर त्याला बाकी लोकांसारखं धावत जावं लागलं असतं. डहाणूला निदान शिपाई तरी ओळखून बाकावर जागा करून देतील. माणसाला म्हातारपणी एवढंसुद्धा पुरतं.

ओहोळाच्या बाजूने कुत्रं भुंकलं आणि गप्प झालं. ओळखीचं माणूस आलं की ते असंच गप्प होई. करवंदीच्या जाळीमागून जिवली वर आली. डोक्यावर रिकामं सूप, पायाला ओहोळाचा ओला चिखल. नवरा, लाहू, गेल्यापासून चार वर्षांत ती बरीच वाळली होती, पण चाल तीच होती.

दिपक उगाचच भारे मोजू लागला. पुष्पाने उखळात नसलेला कचरा काढायला घेतला. नविनने फाइल मिटली. वादी आणि तिन्ही प्रतिवादी एकाच अंगणात, हे त्याच्या एकोणतीस वर्षांत कधी पाहण्यात आलं नव्हतं.

"तिला पानी द्या," रखमी म्हणाली.

पुष्पाने तांब्या भरून दिला. जिवलीने उभ्यानेच पाणी घेतलं. "मी नव्याला आलेय. दाव्याचं काय ते कोर्टात. इथं माझ्याशी त्यातलं कोणी बोलू नका."

"नाय बोलत," दिपक म्हणाला. "आमाला तरी कोठं हौस हाय?"

"तुला नव्हती तर श्रावणात माना काय बोललास रे?"

दिपकने मान फिरवली. श्रावणात तो जे बोलला ते सगळ्यांना पाठ होतं. त्याला मनिषसाठी, त्याच्या मुलासाठी, माळावर घर बांधायचं होतं. खालच्या शेतात पाणी साचतं. जिवली म्हणाली, माळ माझा आहे, बाने आम्हाला दिलाय. त्यावर दिपक म्हणाला होता, "कागदावर तुझं काय हाय?"

खरंच काही नव्हतं. काकड्या गेल्यावर कागदपत्रं नविननेच केली होती. उधव्याच्या उताऱ्यावर आई आणि दोन भाऊ. जिवलीला माळ दिलेलाच आहे, मग इथे तिचं नाव कशाला, असा हिशेब. माळाच्या उताऱ्यावरही आई आणि दोन भाऊच. कारण जिवलीला दिल्याचा लेखी पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय अर्ज करायचा कसा? दिलेला शब्द आहेच की, तो कुठे जातोय, असं त्याला वाटलं होतं. ज्याने उभा जन्म कागदात काढला त्याने बहिणीच्या बाबतीत तेवढा शब्दावर भरवसा ठेवला. आणि श्रावणातल्या त्या दिवशी दिपकने कागद विचारला, तेव्हा हाच कोर्टवाला शेजारी चहाचा कप घेऊन तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता.

जिवलीने राशीतून सूप भरलं. पाखडायला लागली. भात वर उडायचं, पोचट दाणे हलके म्हणून पुढे पडायचे, भरलेला दाणा मागे यायचा.

"नविन," रखमी म्हणाली, "त्या पिशवीत काय हाय?"

"कैफियत, आये. जिवलीने दावा टाकला ना, त्याला आपलं उत्तर. तुझा अंगठा लागेल. तू पहिली प्रतिवादी."

"वाच."

"आता? नवं होऊ दे, जेवणं झाली की..."

"अंगठा माझा हाय ना? मग वाच. तिच्यासमोर वाच. ती बी आयको."

"माना नाय आयकायचं," जिवली म्हणाली; पण सूप थांबलं होतं.

नविनने चष्मा लावला. श्यामकांतांनी मराठी प्रत करून दिली होती. पलीकडच्या कोर्टाची भाषा वेगळी, म्हणून उद्या सकाळी तिचा इंग्रजी तर्जुमा टाइप होऊन सोबत जोडला जायचा होता. ज्याला जी भाषा कळते तिच्यात वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही, हा नविनचाच आग्रह. स्वतःच्या आग्रहात माणूस असा अडकतो.

"परिच्छेद एक ते तीनमधील मजकूर कबूल," त्याने सुरुवात केली. "म्हणजे आपण कोण, बा कधी वारला, ते."

"बरोबर हाय."

"परिच्छेद चार, वादीला वाटा नाकारला, हा मजकूर नाकबूल. परिच्छेद पाच, नाकबूल."

"सगळंच कशाला नाकबूल?" पुष्पाने विचारलं.

"एकेक कलम नाव घेऊन नाकारावं लागतं. कैफियतीत जे नाकारलं नाही ते कबूल धरतात. गप्प राहिलात तर तुमचं गप्प राहणं तुमच्या विरुद्ध जातं." हे वाक्य त्याने नव्या कारकुनांना कितीदा ऐकवलं असेल. आज ते बोलून झालं आणि त्याला श्रावणातला चहाचा कप आठवला. जिवली त्याच्याकडेच बघत होती.

तो थांबला. पुढचा परिच्छेद गाळून सातव्यावर जाता आलं असतं. कुणाला कळलं असतं? इथे वाचता येणारा दिपक, तोही सही करतानाच बघणार. पण निर्मलाने गाळू नका म्हटलं होतं.

"परिच्छेद सहामधील मजकूर खोटा असून नाकबूल. ओहोळापलीकडील माळ सामाईक नाही. मयत काकड्या यांनी आपल्या हयातीत तोंडी वाटणी करून सदर माळ प्रतिवादी क्रमांक दोन यांच्या वाट्यास दिला आहे. सबब या कोर्टाच्या हद्दीत सामाईक मिळकत नाही, आणि सबब हा दावा या कोर्टात चालू शकत नाही."

"क्रमांक दोन कोण?" दिपकने विचारलं.

नविनने चष्मा काढून पुसला. "मी."

"तू? माळ तुझ्या वाट्याला?"

"अरे, नुसतं जागेच्या हरकतीपुरतं आहे ते. माळ सामाईक नाही म्हणायचं, तर मग कुणाचा ते सांगावं लागतं. वकील म्हणाले, कुणाचं नाव घालू? तुझ्याकडे खालची शेती आहेच, म्हणून मी म्हटलं..."

"माझं घाला, म्हटलंत," पुष्पाने वाक्य पुरं केलं. तिने उखळ आडवं केलं आणि पदराला हात पुसत पुढे आली. महिनाभर ती जिवलीच्या नावाने बोटं मोडत होती. आता तिने एका पावलात बाजू बदलली. "म्हणजे जिवलीबायला कागद नाय म्हणून तिचं काय नाय. आन् तुमाला बी कागद नाय, तरी तुमचा माळ! आमच्या मनिषनं मग कोठं घर बांधायचं? तुमच्या डहाणूच्या फ्ल्याटात?"

"पुष्पे, गप," दिपक म्हणाला, पण त्याच्या आवाजात दम नव्हता. तोही नविनकडे तसंच बघत होता, जसं श्रावणात त्याने जिवलीकडे बघितलं होतं.

"मी घेणार होतो का तो माळ? सही झाली, दावा डहाणूला आला, की मग घरातल्या घरात..."

"घरातल्या घरात!" जिवली हसली. ते हसू ऐकून नविनला लाज वाटली. "घरातल्या घरातच तर होतं सगळं दादा. तेच कोठं ऱ्हायलं नाय."

रखमीने हात वर केला.

"माना सांगा," ती म्हणाली, "बाने माळ दिला तवा इथं कोण होता?"

दिपक म्हणाला, "मी नव्हतो. मी त्या साली डहाणूला फुग्याच्या कारखान्यात होतो."

"ठाव हाय. पुष्पी तर आलीच नव्हती. लाहू होता, तो गेला. नविन होता. आन् मी."

नविनला तो दिवस विसरायचा म्हटला तरी विसरता आला नसता. कोर्टात लागून तिसरं वर्ष. भाताच्या झोडणीला चार दिवसांची रजा काढून आला होता. लाहू घरजावई होऊन आला त्याला तेव्हा बारा वर्षं झाली होती. बारा वर्षं तो या खळ्यावर राबला. त्याने बांध घातले, विहिरीचा गाळ काढला, काकड्याच्या पायाला जखम झाली त्या पावसाळ्यात एकट्याने सगळी लावणी केली. त्या दिवशी रास झाल्यावर काकड्याने ओंजळभर भात घेतलं आणि लाहूच्या आणि जिवलीच्या हातांत ओतलं. म्हणाला, ओहोळापलीकडला माळ तुमचा, कणसरी ऐकतेय. मग त्यातला एक दाणा उचलून नविनच्या हातावर ठेवला. साक्षीदाराने तो दाणा तुसासकट दाताखाली फोडायचा. पुढे कधी त्याने शब्द फिरवला तर नवं भात त्याच्या पोटाला लागत नाही, असं म्हणत. नविन तेव्हा शहरी माणसासारखा हसला होता, पण दाणा त्याने फोडला होता.

"आये," नविन म्हणाला, आणि घरी बोलायची भाषा त्याच्या तोंडात आपोआप आली, "तुना सगळं ठाव होतं. श्रावणातच का नाय बोललीस?"

"मी बोलले असते तर तुमी गप ऱ्हायले असता. म्हातारीनं सांगलं म्हणून. माना ते नको होतं. दाणा मी नाय फोडला, तू फोडलास." मग ती जिवलीकडे वळली. "आन् तू ग? तू काय लिवलंस? माळ सगळ्यांचा म्हणून लिवलंस ना? आताच वाचलं त्यानं. तुझ्या हातात तर ओंजळभर दिलं होतं बाने."

जिवलीने सूप खाली ठेवलं. हे तिला अपेक्षित नव्हतं.

"वकिलानं इचारलं, दिल्याचा कागद हाय? म्हटलं, नाय. साक्षीदार हाय? म्हटलं, एक हाय, पण तो आता बोलत नाय." ती नविनकडे न बघता बोलत होती. "मंग तो म्हणला, सामाईक म्हणा. म्हणजे दावा इथं चालंल, आन् सगळ्यातला वाटा तरी पदरात पडंल. मी सही केली. लाहूनं सही शिकवली होती माना, तीच केली. घरी आले आन् दोन दिस माना जेवण गेलं नाय. माळावर चारी बाजूंनी त्यानं लावलेले ताड उभे हायेत. त्येंच्याकडं बघवंना."

अंगणात ऊन चढत होतं. दिपक खळ्याच्या काठावर आईशेजारी बसला. पुष्पा उभीच राहिली, पण तिच्या कमरेवरचा हात खाली आला होता.

नविनने खिशातून फोन काढला आणि श्यामकांतांना लावला. रविवार असूनही त्यांनी उचलला.

"वकीलसाहेब, सहावा परिच्छेद बदलायचाय. माळ सामाईक नाही, हे राहू दे. पण माझ्या वाट्याचा नाही. वडिलांनी तो जिवलीला आणि तिच्या नवऱ्याला दिला होता. माझ्यासमोर."

"नविनभाऊ, तुम्ही एवढी वर्षं कोर्टात काढलीत. तोंडी दान जमिनीला चालत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको."

"नको."

"ती स्वतःसुद्धा तसं म्हणत नाहीये. तिने मागितलेलं नाही ते तुम्ही देताय. कैफियतीत एकदा कबूल केलंत की पुढे त्यावर तोंड उघडता येणार नाही. माळावर पाणी सोडल्यासारखंच आहे."

"आणि जागेची हरकत?"

श्यामकांत हसले असावेत. "ती उलट पक्की होते. माळ तिचा म्हटल्यावर पलीकडे वाटणीला काही उरतच नाही. दावा इकडेच येईल. पण भाऊ, जिंकून काय मिळवलंत मग? आणि उधव्याच्या शेतीतला तिचा वाटा, ते भांडण राहतंच."

"ते राहू दे. ते काय असेल ते खरं खरं भांडू," नविन म्हणाला आणि फोन ठेवला.

त्याने खिशाचं पेन काढून फाइलवर कागद धरला. सहाव्या परिच्छेदावर एक आडवी रेघ मारली, रेघेशेजारी आद्याक्षरं केली. खाडाखोड केली की तिथे सही हवी, ही सवय हाताचीच. मग समासात बारीक अक्षरात लिहू लागला.

लिहून झाल्यावर रखमीने मूठ पुढे केली. जिवलीने पाखडलेल्या भातातला एक दाणा तिने केव्हा उचलला कुणास ठाऊक. तिने तो त्याच्या तळहातावर ठेवला.

कोर्टात नविनने हजारो लोकांना ईश्वराला स्मरून खरं सांगायला लावलं होतं. काही जण ते म्हणत असतानाच डोळ्यांनी वकिलाकडे बघत. त्याला स्वतःला मात्र एवढ्या वर्षांत कुणी शपथ दिली नव्हती. त्याने दाणा दाताखाली धरला. तूस टोचलं, मग आतला तांदूळ कचकन फुटला. कच्चा, किंचित गोड.

कैफियतीच्या शेवटी सत्यापन होतं. वर लिहिलेला मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे, इत्यादी. खाली तारीख, आणि ठिकाणापुढे श्यामकांतांच्या टायपिस्टने सवयीने डहाणू घातलेलं. नविनने ते खोडलं आणि वर उधवा लिहिलं. सही केली. रखमीचा अंगठा शाईत बुडवून तिच्या नावापुढे टेकवला. मग कागद दिपककडे धरला.

दिपकने हात पुढे केला नाही. "मी तिथं नव्हतो दादा. जे पाहिलं नाय त्याच्याखाली मी कशी सही करू? आन् मनिषचं काय? तो कोठं जाल?"

त्याच्या म्हणण्यात काही चूक नव्हतं. खालच्या शेतात पाणी साचतं, हेही खरंच होतं. पण आज उगाच काहीतरी कबूल करून टाकायचा नविनला धीर नव्हता.

"तू नव्हतास, तर तेवढंच लिही," तो म्हणाला. "तुझ्यापुरतं वेगळं. मी हजर नव्हतो, मला माहीत नाही. तेही खरंच आहे. खऱ्याला कुणाची हरकत नाही."

दिपकने पेन घेतलं. मग एका ओळीत ते लिहिलं आणि खाली सही केली. "मनिषचं बोलायला लागंल," तो म्हणाला.

"बोलू," रखमी म्हणाली. "त्याचं बी बोलू. तो काय परका हाय?"

जिवली अजून खळ्यातच उभी होती. ती पुढे आली, हात लुगड्याला पुसले आणि नविनच्या शेजारी खाटेवर बसली. दावा लावल्यापासून पहिल्यांदाच इतकी जवळ.

"लाहूचं नाव कोठं हाय?"

नविनने समासातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. तिने त्याचं बोट बाजूला सारून स्वतःचं ठेवलं. अक्षरं तिला लागत नव्हती, पण दोनच आहेत एवढं तिला दिसत होतं. तिने ती बोटाखाली झाकली, पुन्हा उघडली.

"बारा वरसं राबला," ती म्हणाली. "रेशनकार्ड सोडलं तर कोठल्याच कागदावर नव्हता तो. उद्या हे तिथं वाचतील?"

"घेतील ते."

"मोठ्यानं वाचतील? सगळ्यांसमोर?"

नविनने एकोणतीस वर्षं कैफियती दाखल करून घेतल्या होत्या. त्यांच्यावर शिक्का बसतो, प्रत समोरच्या वकिलाला जाते, पुढची तारीख पडते. मोठ्याने कुणी काही वाचत नाही. हो म्हणणं सोपं होतं, आणि तिला बरंही वाटलं असतं. पण दाण्याचं तूस अजून त्याच्या दातात अडकलेलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "तिथे वाचत नाहीत."

जिवलीने मान वळवली. ओहोळापलीकडे, करवंदीच्या वर, ताडांचे शेंडे दिसत होते.

"मंग इथंच वाच," ती म्हणाली.

नविन उठला. चपला काढून खळ्याच्या काठाशी उभा राहिला. पुकारा करताना काढायचा तो आवाज त्याने काढला; बरेच दिवस वापरला नव्हता, सुरुवातीला घोगरा लागला. शेजारच्या पाड्यावर कुणीतरी झोडणी थांबवून मान वर केली.

"परिच्छेद सहा. ओहोळापलीकडील माळ सामाईक नाही. तो मयत काकड्या यांनी आपली मुलगी जिवली आणि जावई लाहू यांना, त्यांच्या बारा वर्षांच्या कष्टापोटी, उधवा येथील खळ्यावर दिला. प्रतिवादी क्रमांक दोन त्या वेळी स्वतः हजर होता. हे त्याने आजवर सांगितलं नाही, ही त्याची चूक आहे."

शेवटचं वाक्य श्यामकांत उद्या काढून टाकायला लावणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कैफियतीत असलं काही लिहीत नाहीत. त्याने ते तरी लिहिलं होतं, आणि आता पुन्हा एकदा वाचलं.

जिवलीने डोळे पुसले नाहीत. ती उठून खळ्यात गेली, सूप पुन्हा भरलं आणि पाखडायला लागली.

"पुष्पे," ती म्हणाली, "उखळ उभं कर."